माळावरची रेंज

जयसिंग: आता बघ. आली?

संघप्रिया: एक काडी आली. थांबा. गेली परत.

जयसिंग: आन् आता?

संघप्रिया: आप्पा, तुम्ही चाळण सारखी हलवताय. बांबू एका जागी धरा की. कोल्हापूरच्या बाजूला तोंड करा तिचं.

जयसिंग: कोल्हापूर न्हवं. टावर त्या खिंडीपल्याड हाय. प्रसेननं ईमेलात लिवलंवतं, चाळणीचं पोट टावरकडं आन् डाटा कार्ड मधोमध. सुतळी आवळतो, मग बघ. आली?

संघप्रिया: दोन आल्या. राहू दे तसंच. हात लावू नका आता. या खाली.

जयसिंग: पिठाची चाळण हाय ती, तुझ्या आईची. नवी इकत आणू म्हणलो तर नको म्हणली. पोराचं तोंड दिसणार असंल तर पीठ न चाळता खाऊ म्हणली.

संघप्रिया: सव्वाअकरा झाले. साडेअकराला लावणार आहे तो. तिकडं सकाळचे सात असतील.

जयसिंग: दोन काड्यांवर तोंड न्हाय दिसायचं. आवाज तेवढा यील.

संघप्रिया: त्याला तोंड बघायचं नाहीच आहे. त्याला विचारायचं आहे. काय विचारायचं ते तुम्हाला माहीत आहे.

जयसिंग: च्या ठेवू?

संघप्रिया: आप्पा.

जयसिंग: ठेवतो की. पहाटं उठून गडमुडशिंगीतनं दोन गाड्या बदलून आलीस. फाट्यापास्नं चालत. च्या तरी पी.

संघप्रिया: आई जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. पुण्यानुमोदन झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडी घेऊन इकडं निघून आलात, ते आलातच. घराला कुलूप आहे. विहारात सगळी विचारतात, जयसिंगराव कुठं गेले. मी काय सांगू? आमचे आप्पा माळावर शाळेच्या जुन्या मिनीबसमध्ये राहतात म्हणून?

जयसिंग: सांग की. खोटं हाय व्हय त्यात?

संघप्रिया: मी तुम्हाला भांडायला आले नाही. प्रसेन मला रोज एकच विचारतो. ताई, सहाला आईच्या पाठीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात ती सव्वानऊला पोचली. माळावरनं दवाखाना अर्ध्या तासावर आहे. मधले तास कुठं गेले?

जयसिंग: सांगितलंवतं की. उसाची ट्रॉली उलटलीवती. रस्ता बंद हुता.

संघप्रिया: आज येताना गाडीला पिराजीकाका कंडक्टर होते.

जयसिंग: आपला पिराजी? बरा हाय का? त्येचा गुडघा?

संघप्रिया: बरा आहे गुडघा. तो सोमवार त्यांच्या लक्षात आहे, कारण दुपारी स्टँडवर त्यांना आईचं कळलं. सकाळी पहिली गाडी त्यांचीच होती. या रस्त्यानं आली, या रस्त्यानं गेली. ट्रॉली नव्हती, काही नव्हतं. तिकीट फाडता फाडता सांगितलं त्यांनी. त्यांना ठाऊकच नव्हतं, मला का ऐकायचंय ते.

जयसिंग: पिराजीला काय याद ऱ्हातंय.

संघप्रिया: आप्पा, माझ्याकडं बघून बोला. अर्ध्या तासात तो लावणार, तुम्हाला हेच विचारणार. मी आधी विचारतेय, म्हणजे निदान मला तरी त्याच्या तोंडून ऐकायला लागू नये.

जयसिंग: पंधरा मिनिटं ऱ्हायली. अर्धा तास न्हाय.

संघप्रिया: बघा, कप घसरायला लागला. धरा. एवढा मोठा सपाट माळ पडलाय वर, आणि तुम्ही गाडी या उतारावर आणून लावलीय. लॅपटॉपच्या खाली वही घातली, तरी माझ्या मांडीवर येतोय.

जयसिंग: जुनी गाडी उतारावरच लावायची असती. तोंड खाली करून. सेल्फ न्हाय उचलला तर बिरेक सोडायचा, गाडी पळती, गियर टाकला की चालू. वर्कशॉपात नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी ह्येच शिकवायचो मी.

संघप्रिया: पण वर सपाटीला रेंज चांगली आहे. चाळण नाही, बांबू नाही, काही लागत नाही. तुम्हीच सांगितलं होतं, तीन काड्या येतात म्हणून.

जयसिंग: येत्यात.

संघप्रिया: मग आज वर का नाही घेतली? आजच्या दिवस?

जयसिंग: न्हाय घेत मी आता वर.

संघप्रिया: वायर कुठं लावू हिची? चार्जिंग कमी दाखवतंय. या पत्र्याच्या डब्यात काय आहे?

जयसिंग: बॅटरी. त्यालाच लाव. दिव्याची, पंख्याची, लॅपटॉपची ती निराळी. इंजनाची निराळी. इंजनाच्या बॅटरीला काय बी लावायचं न्हाय.

संघप्रिया: ही कधी घेतली?

जयसिंग: गेल्या म्हयन्यात.

संघप्रिया: म्हणजे आई गेल्यावर.

जयसिंग: व्हय.

संघप्रिया: त्याआधी एकच होती.

जयसिंग: एकच हुती.

संघप्रिया: त्या सकाळी गाडी चालूच झाली नाही. होय ना, आप्पा?

जयसिंग: च्या उतू जाईल.

संघप्रिया: गॅस बंद केलाय मी. बोला.

जयसिंग: सेल्फ मारला. टक् केलं नुसतं. आणखी एकदा मारला. टक्. एकतीस वर्षं ह्योच आवाज ऐकत आलो मी. दुसरी मानसं बोनेट उघडून बघत्यात काय झालंय, मला उघडायची गरज पडत न्हाई. बॅटरी पाक मेलीवती.

संघप्रिया: तुमच्या गाडीची? अख्ख्या एस्टी डेपोच्या बॅटऱ्या बघणाऱ्या माणसाच्या गाडीची बॅटरी कशी मरते?

जयसिंग: आदल्या दिवशी वापरली म्हणून. रविवार हुता. आम्ही हितंच उतारावर हुतो. तुझी आई म्हणली, रविवार हाय, पोरगं मोकळं असंल, वर घ्या. वर तोंड बी दिसतंय त्याचं. मी म्हणलो, सपाटीला गाडी लावायची न्हाई शालू, सेल्फ म्हातारा हाय. तर म्हणली, एका रात्रीनं काय हुतंय. तिनं म्हणलं म्हणून सांगतोय असं समजू नकोस. चावी माझ्या हातात हुती. घेतली वर.

संघप्रिया: किती वेळ चालू होतं?

जयसिंग: पाचाला लागला. नवाला बंद केला.

संघप्रिया: चार तास? त्या इन्व्हर्टरवर?

जयसिंग: पहिलं इंजन चालू ठेवलंवतं. इंजन चालू असलं की बॅटरी भरत ऱ्हाती, काय हुत न्हाय. पर घरघरीत तुझ्या आईला त्याचं ऐकू येईना, त्याला हिचं ऐकू येईना. दोघं बी हॅलो, हॅलो. मग प्रसेन म्हणला...

संघप्रिया: काय म्हणाला?

जयसिंग: म्हणला, आप्पा, इंजन बंद करा की. आईचा आवाज येत नाही.

संघप्रिया: त्यानं सांगितलं?

जयसिंग: त्यानं सांगितलं. मी बंद केलं. आता कळलं, ट्रॉली का उलटली ती?

संघप्रिया: चार तास काय बोलत होती दोघं?

जयसिंग: बोलायचं अर्ध्या तासात संपलं. पगार, थंडी, तुझी ड्यूटी, शेजारच्या अंबूबाईच्या नातवाचं बारसं. मग त्यानं पिठलं करायला घेतलं. त्याचा कंप्युटर तिकडं ओट्यावर ठेवला. हिनं हितनं सांगायचं, पाणी आधी टाक, आता पीठ सोड, हलीव, गुठळ्या हुतील. झालं पिठलं, तर हितं तिनं बी केलं. दोघं समोरासमोर जेवली. मग त्याला कंपनीचं काम हुतं. त्यो म्हणला, आई, ठेवू का? तर म्हणली, ठेवू नको, तू कर तुझं काम, मी बसते.

संघप्रिया: नुसती बसली?

जयसिंग: नुसती. त्यो तिकडं टकटक करत बसला, ही हितं मांडीवर हात ठेवून बघत बसली. अधनंमधनं चित्र आडकायचं. आडकलं तरी बघायची. दोन वर्षांनी पोरगं घरात असल्यागत वाटत हुतं तिला. मला म्हणली, बघा की, डोकं खाजवायची सवय गेली न्हाई त्याची.

संघप्रिया: आप्पा, एक विचारू? तुम्हाला कळलं नाही? बॅटरी उतरताना कळतंच की तुम्हाला.

जयसिंग: कळलं. आठाला वरचा दिवा पिवळा पडला. न्हाय बघितला असं म्हणत न्हाई मी. बघितला. मनात आलं, आता बंद करायला पायजे. उठलो बी. तिच्या मागं जाऊन उभा ऱ्हायलो. मग दिवा तेवढा बंद केला, आन् परत बसलो.

संघप्रिया: दिवा बंद करून काय उपयोग होता?

जयसिंग: काय न्हवता. तू तिचं तोंड बघितलं न्हाईस, प्रिया. सबंध नोकरीत घरच्यांचा पास हुता मला. त्या पासावर तिला मी दोन ठिकाणं दाखवली, नागपूर आन् चैत्यभूमी. दोन्हीकडं गर्दीत, पोरं कडंवर घेऊन. रिटायर झाल्यावर ही गाडी केली ती तिच्यासाठी. सीटं काढली, पलंग बसवला, खिडकीला पडदं. कुठं बी थांबू म्हणलो, कुठं बी जेवू. आन् ती सगळीकडं गेली तरी एकच विचारायची. हितं रेंज हाय का? धरण बघितलं तरी त्येच, घाट बघितला तरी त्येच. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं विचारलं न्हाई. तिला मी कसं म्हणू, उठ, बंद कर?

संघप्रिया: सकाळी काय झालं ते सांगा. सगळं सांगा.

जयसिंग: सहाला उठली. पाठ दुखती म्हणली. घाम फुटलावता, थंडीत. मला वाटलं, वारं लागलं. मग डावा हात चोळाय लागली, तवा मी सेल्फ मारला. सांगितलं तुला, काय झालं ते. सपाटीला गाडी. ढकलून बघितली. एकट्यानं मिनीबस हलती व्हय? खांदा लावला, दगडं काढली चाकाखालची, परत लावला. हातभर गेली.

संघप्रिया: फोन?

जयसिंग: माझ्या मोबाईलची कंपनी येगळी. तिची रेंज ह्या माळावर न्हाईच. डाटा कार्डाची हाय. पर लॅपटॉपची सोताची बॅटरी घडीभर टिकत न्हाई, त्यो गाडीच्याच बॅटरीवर हुता, त्यो बी बंद. आदल्या दिवशी जर्मनी दिसत हुती हितनं. सकाळी दोन मैलावरच्या मानसाला हाक मारता येईना मला.

संघप्रिया: मग?

जयसिंग: मग तिला पलंगावर निजवली आन् पळालो. रस्त्यापतोर दोन मैल. पिराजीची गाडी निघून गेलीवती. दुधाची जीप येती आठाच्या पुढं, तिला आडवा झालो.

संघप्रिया: एकटी होती ती? इतका वेळ?

जयसिंग: एकटी. परत आलो तर उठून बसलीवती. केस विंचरलंवतं, बरं लुगडं नेसलीवती. म्हणली, दवाखान्यात जायचं म्हंजी नीट जाऊ. दुधाच्या कॅनांमदी बसून गेलो. दारात उतरवली तवा तिनं हात धरलावता माझा. आत नेस्तोवर सुटला.

संघप्रिया: एका दमात सांगितलंत.

जयसिंग: एक्केचाळीस दिवस त्येच म्हणतोय की मनात.

संघप्रिया: मी काय करते तुम्हाला माहीत आहे? पेशंट उशिरा आणला की मी नातेवाइकांना विचारते, इतका उशीर का केलात. ओरडते. परवा एका म्हाताऱ्याला ओरडले. बायको घेऊन आला होता. तो माझ्याकडं बघत राहिला नुसता. तुम्ही आता बघताय ना, तसंच.

जयसिंग: ओरड की मला बी. कुणीतरी ओरडाय पायजेच.

संघप्रिया: मला राग आलाय, आप्पा. खोटं नाही बोलत. पिवळा दिवा बघून तुम्ही परत बसलात, त्याचा आलाय. पण त्याहून तुम्ही मला ट्रॉली सांगितलीत, त्याचा जास्त आलाय. मी एकटी रडत होते तिकडं, आणि तुम्ही इथं एकटे. एकत्र रडलो असतो की.

जयसिंग: तुला सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं.

संघप्रिया: कळू दे. कळायलाच पाहिजे. आता लावला की सांगा त्याला खरं.

जयसिंग: न्हाय.

संघप्रिया: चूक त्याची नाही, आप्पा. इंजन बंद करा म्हणाला म्हणजे काय गुन्हा केला? त्याला काय माहीत होतं? शिकलेला आहे, शहाणा आहे, समजून घेईल.

जयसिंग: समजून घेईल, त्येच वाईट. त्यो इंजिनिअर हाय. मी बॅटरी मेली म्हणलो की पुढचं मला सांगाय लागणार न्हाई. किती तास चालू हुतं, लॅपटॉपला किती लागतं, इन्व्हर्टर किती खातो, बसून हिसाब करंल. आज करंल, उद्या परत करंल. कुठल्या मिनिटाला बंद केलं असतं तर गाडी चालू झाली असती, त्ये काढंल. मी काढलंय. म्हणून ठाऊक हाय.

संघप्रिया: किती निघालं?

जयसिंग: दिवा पिवळा पडला तवा केलं असतं, तरी चाललं असतं.

संघप्रिया: मग काय सांगणार त्याला? ट्रॉलीचं सांगून भागणार नाही. पिराजीकाकांचं आजच कळलं मला, अजून सांगितलं नाही त्याला. पण त्याचा विश्वास नाहीच ट्रॉलीवर. पेपरात शोधलं त्यानं नेटवर.

जयसिंग: डिझेल संपलं म्हणून सांगतो.

संघप्रिया: तुम्ही? तुमचं डिझेल? काटा अर्ध्याच्या खाली गेला तर तुम्ही जेवत नाही.

जयसिंग: इसरलो म्हणतो. वय झालं म्हणतो.

संघप्रिया: तो तुम्हाला कधी माफ करणार नाही.

जयसिंग: नको करू दे. माझ्यावर राग धरला तर ऱ्हाईल उभा. सोतावर धरला तर त्या परक्या मुलखात कोण हाय त्याला उठवायला? मी सत्तरीला आलो. किती दिवस रागवणार माझ्यावर?

संघप्रिया: आणि मी? मी ऐकत बसू शेजारी? तो तुम्हाला बोलेल आणि मी गप्प राहू?

जयसिंग: व्हय. एवढंच मागतोय तुझ्याकडं.

संघप्रिया: मला नाही जमायचं.

(लॅपटॉपवर घंटी वाजू लागते.)

जयसिंग: आला बघ. उचल. दोन्ही काड्या हायत.

संघप्रिया: मी खरं सांगणार आहे, आप्पा. आधीच सांगते तुम्हाला.

जयसिंग: उचल, बाळ. बंद हुईल.

संघप्रिया: हॅलो. प्रसेन?

प्रसेनजीत: ताई. ऐकू येतंय? मला तुझं चित्र नाही दिसत.

संघप्रिया: इकडं पण नाही. आवाज चांगला आहे. बोल.

प्रसेनजीत: आप्पा आहेत?

जयसिंग: हाय की. जयभीम, बाळ.

प्रसेनजीत: जयभीम, आप्पा. तब्येत बरी आहे? जेवण कोण करतं?

जयसिंग: मीच करतो. पिठलं, भात. बर्फ पडलाय का तिकडं?

प्रसेनजीत: पडलाय. आप्पा, रेंज जायच्या आत मला विचारू दे. मला रागवू नका. मी चाळीस दिवस स्वतःला सांगतोय, विचारू नको. मला खरंच नाही राहवत. तुम्ही म्हणालात रस्ता बंद होता. होता का?

जयसिंग: न्हवता.

प्रसेनजीत: मग?

जयसिंग: डिझेल संपलंवतं.

प्रसेनजीत: काय?

जयसिंग: डिझेल. टाकीत न्हवतं. रस्त्यापतोर चालत गेलो, जीप मिळाली तवा नेलं. लाज वाटली म्हणून ट्रॉली सांगितली.

प्रसेनजीत: परत सांगा. आवाज तुटला.

जयसिंग: न्हाई तुटला, बाळ. तू ऐकलंस त्येच. डिझेल भरायचं इसरलो मी.

प्रसेनजीत: तुम्ही विसरलात? आप्पा, मी लहान असताना तुम्ही मला मांडीवर घेऊन काटा वाचायला शिकवलात. आकडे नंतर शिकलो मी. तुम्ही विसरलात?

जयसिंग: वय झालं.

प्रसेनजीत: वय? आदल्या दिवशी तुम्ही चार तास तिथं बसून होता. मी बोलत होतो, आई बोलत होती, तुम्ही मागं बसून होता. एकदा उठून पुढं जाऊन काटा बघता आला नाही तुम्हाला?

जयसिंग: न्हाई बघितला.

प्रसेनजीत: लोकांच्या गाड्या एकतीस वर्षं सांभाळल्या. वाटेत गाडी बंद पडली तर पॅसेंजरनी काय करायचं, असं म्हणून रात्री उठून जायचा डेपोत. आणि आईला घेऊन माळावर जाताना...

जयसिंग: बोल. बोल तू.

संघप्रिया: प्रसेन, थांब. मला बोलू दे. तुला माहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळी...

प्रसेनजीत: ताई, तू त्यांची बाजू घेऊ नको. नेहमी घेतेस. तुला काय वाटतं, मी इथं कसा राहतोय? व्हिसाचे कागद ऑफिसात होते म्हणून मला मातीला येता आलं नाही. तू तिला आंघोळ घातलीस, आप्पांनी खांदा दिला. माझ्याकडं काय आहे? ते चार तास आहेत फक्त. झोप नाही आली की तेच काढून बघतो मी. ती काही बोलत पण नव्हती. नुसती समोर बसली होती. मी काम करत होतो आणि वर बघितलं की ती होतीच. तेवढं एक चांगलं केलं मी तिच्यासाठी. चार तास दिले. त्याच्यावर चाललंय माझं.

संघप्रिया: हो.

प्रसेनजीत: तू काय सांगत होतीस? त्या दिवशी संध्याकाळी काय?

संघप्रिया: काही नाही.

प्रसेनजीत: सांग की. काहीतरी म्हणत होतीस.

संघप्रिया: आई खुश होती, एवढंच म्हणत होते. आप्पा सांगत होते मला.

प्रसेनजीत: आणि डिझेलचं? ते तुला माहीत होतं?

संघप्रिया: आज कळलं.

प्रसेनजीत: खरं आहे ते?

संघप्रिया: आप्पा सांगतायत तसंच आहे. विसरले ते.

प्रसेनजीत: मग आता काय बोलायचं राहिलं.

जयसिंग: प्रसेन.

प्रसेनजीत: नको, आप्पा. माझ्या तोंडून काहीतरी वाईट जाईल. मी मनात आईला सांगत होतो, आप्पा होते ना तुझ्याजवळ, त्यांनी केलं असेल सगळं. रोज सांगत होतो. आता तिला काय सांगू? थोडे दिवस मला तुमच्याशी नाही बोलता येणार. ताईला करेन मी मेल.

जयसिंग: बरं. येळंवर जेवत जा. बर्फात कानाला बांधत जा काहीतरी.

संघप्रिया: प्रसेन, ऐक. आप्पांनी तिला... प्रसेन? हॅलो. हॅलो. आवाज येईना, आप्पा. वाऱ्यानं बांबू हलला असेल. रेंज गेली बहुतेक.

जयसिंग: न्हाय, बाळ. रेंज हाय.